कान्हाचा गॅस आणि पुतळावहिनीचा दम

कान्हा मढवीला परसात सोन्याचा हंडा लागला, ही बातमी आमच्या करावे गावात सकाळच्या चहाला उठली आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्या एका हंड्याला पोरंबाळं होऊन त्यांची रांग लागली. आळीतल्या दुर्गामावशीनं तर हंड्यावर बसलेला नागही पाहिला होता, मिशांसकट. नागाला मिशा असतात का, हे विचारायला मी गेलो नाही. बातमी चांगली रंगात आली होती, तिच्यात पाणी कशाला घाला? पण माझं नि कान्हाचं परस एकाच कुंपणाचं. पेरूच्या झाडावर चढून डोकावलो, तर खड्डा खरंच होता. विहिरीसारखा गोल. कान्हा त्यात छातीपर्यंत उतरून माती वर फेकत होता.

"कान्हा, लागलं काय रं सोनं?"

"खाली उतर आनि घमेलं धर. मंग सांगतो."

"सोन्याला धरतो. मातीला नाय."

"शेनासाठी हाय खड्डा, बंडू! शेनासाठी!"

झालं. हंडा गेला, नाग गेला, मिशाही गेल्या. मी आळीभर खरं सांगत फिरलो, पण कोणाला पटेना. शेणासाठी कोणी एवढी जमीन उकरतं होय? म्हशीनं टाकलं की उचलायचं, थापायचं, वाळवायचं. ज्याला सोनं लपवायचंय तोच असलं काहीतरी सांगणार, असं मावशीचं म्हणणं.

हे सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर सालचं. तेव्हा आमच्याकडे नवी मुंबई कागदावर होती आणि भात जमिनीवर होतं. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत टाइमकीपर होतो, म्हणजे लोक उशिरा आले की लिहून ठेवायचं आणि स्वतः उशिरा गेलो की लिहायचं नाही. कान्हा माझ्याच वयाचा. खाडीच्या बांधाला लागून त्याचं भाताचं शेत, घरामागे गोठा, गोठ्यात म्हशी. दूध बेलापूरला घालायचा. माणूस बोलायला कमी. त्याच्या वाटणीचं बोलणं मीच उरकून टाकायचो, त्यामुळे आमचं जमलं.

एवढा खड्डा तो खणत होता तो बायकोसाठी. पुतळावहिनीसाठी.

पुतळावहिनीच्या हाताला चव होती, आणि ही चव म्हणजे गावची मालमत्ता असल्यासारखं आम्ही सगळे वागायचो. तिच्या चुलीवर चिंबोऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांचं, कालवण चढलं की आळीतल्या बायांना नेमकं तेव्हाच तिच्याकडे काहीतरी विचारायचं असायचं. एक वाटी मीठ मागायला यायच्या आणि ताट संपवून जायच्या. वहिनीला तेच हवं असायचं. घरात ती आणि कान्हा दोघंच, एकुलती मुलगी उरणला दिलेली. पण तिच्या ओटीवर कधी कोणी नाही असं व्हायचं नाही.

फक्त एक गोष्ट होती. चूल तिवराच्या लाकडांची, तीही खाडीतून तोडून आणलेली, अर्धी ओली. धूर असा की आत म्हैस उभी असती तरी दिसली नसती. त्या धुरात बसून बसून वहिनीला दम लागला. आधी खोकला. पहाटे ती चूल पेटवायची आणि खोकायला लागायची, तेव्हा आमची आळी उठायची. कोंबडा चुकायचा, वहिनी चुकायची नाही. मग खोकता खोकता ती भिंत धरून बसायला लागली. पनवेलच्या डॉक्टरनं छाती तपासून सांगितलं, "हिला औषध मी देईन, पण धूर तुम्ही बंद करा. धूर राहिला तर ही राहणार नाही."

धूर बंद करा! सांगायला काय जातंय? सिलिंडरचा गॅस तेव्हा वाशीच्या फ्लॅटवाल्यांनाही नंबर लावून लावून मिळायचा. कान्हानं नाव नोंदवून ठेवलं होतं, पण तो नंबर आमच्या हयातीत येईल असं कोणाला वाटत नव्हतं. रेशनचं रॉकेल दिव्यालाच पुरत नसे. आणि स्टोव्हच्या वासानंही तिला ढास लागायची.

अशात आमच्या गावात श्यामसुंदर साहेब आले. सरकारच्या गोबरगॅसचा प्रचार करणारा माणूस, मूळचा साताऱ्याकडचा, राजदूत मोटरसायकल, मागे गुंडाळलेला तक्ता. मारुतीच्या देवळासमोर त्यांनी तक्ता टांगला आणि अंगात आल्यासारखं बोलायला लागले. आपल्या देशात जनावरं किती, माणसं किती, ऊन किती, वारा किती! बाहेरून तेल आणायचं कशाला? सगळ्या गोठ्यांचं शेण नीट वापरलं तर घराघरात दिवा आणि शेगडी. "मंडळी, आपला देश म्हणजे बांधून तयार असलेला कारखाना आहे. फक्त बटण दाबायचं राहिलंय!"

"साहेब," मी मागून म्हणालो, "माश्या किती ते राहिलं."

सगळे हसले. साहेबही हसले, चांगला माणूस होता. कान्हा तेवढा हसला नाही. सभा उठल्यावर तो पुढे गेला आणि त्यानं एकच विचारलं.

"साहेब, ह्याला धूर येतो काय?"

"अजिबात नाही."

"मंग मना पायजेल."

असा तो खड्डा. आतून विटांनी बांधला, वर लोखंडाची मोठी टाकी पालथी घातली. शेण आणि पाणी कालवून एका बाजूनं ओतायचं. आत ते कुजलं की गॅस होतो आणि टाकी हळूहळू वर उचलली जाते. सकाळी ती छाती भरल्यासारखी वर यायची, स्वयंपाक झाला की खाली बसायची. पहिल्या दिवशी शेगडी पेटवायला अख्खी आळी जमली. दुर्गामावशी तोंडाला पदर लावून दारात उभी, कारण स्फोट होणार अशी तिची खात्री होती आणि तो चुकवायचाही नव्हता. कान्हानं काडी लावली. भप्प झालं आणि निळा जाळ उभा राहिला. इतका साधा की लोकांचा हिरमोड झाला.

"ह्यो जाळ हाय काय?" वहिनी म्हणाली. "ह्याच्यावर भाकर फुगंल काय माजी?"

फुगली. चांगली टम्म फुगली. शेणाच्या गॅसवरची म्हणून कोणी नाक मुरडलं नाही. शेणानं तर आम्ही घर सारवतो, देव्हाऱ्यापुढची जमीन सारवतो. बायांनी कालवण खाल्लं, चहा प्यायला, बोटं चाटली.

पुढची दोन-तीन वर्षं आमच्या आळीला उठायला उशीर व्हायला लागला, कारण वहिनीचा खोकला थांबला. खरंच थांबला. ती हंडा डोक्यावर घेऊन विहिरीवरून न थांबता यायची, आणि आली की कान्हाकडे अशी बघायची की मला मान वळवावी लागे. श्यामसुंदर साहेब राजदूतवरून पाहुणे आणायचे. टाकीला हात लावून लोक फोटो काढायचे. कान्हाला मधोमध उभा करायचे आणि तो फोटोत ओरडा खाल्लेल्या पोरासारखा दिसायचा. साहेब म्हणायचे, ही तर सुरुवात आहे. गावागावात टाक्या उभ्या राहतील. मी टिंगल करायचो, पण मनात मलाही वाटायचं, का नाही?

मग नवी मुंबई कागदावरून खाली उतरली.

कागदावर आमच्या जमिनी केव्हाच नव्या शहरासाठी सरकारकडे गेल्या होत्या. आता भरावाचे डंपर आले. खाडीच्या बांधापासून गावाच्या पाणंदीपर्यंत लाल माती पडली. भात संपलं. भात संपलं तसा पेंढा संपला. पेंढा संपला तसं बांधावरचं चरणं संपलं. गावात पैसा आला, कोणी रेडिओ घेतला, कोणी स्कूटर घेतली, कोणी पिऊन टाकला. कान्हानं म्हशी राखल्या. विकतचा चारा आणून राखल्या. पण विकतचा चारा खाणारी म्हैस म्हणजे घरात बसवलेला जावई, आणि हे तर किती जावई! एकेक म्हैस गेली. शेवटची गेली त्या दिवशी कान्हा गोठ्याच्या दारात बसला होता. "दूध विकत घेऊ रं," मी म्हणालो. तो म्हणाला, "दूध मिळंल. शेन कोन देईल?"

टाकी खाली बसायला लागली. आधी दोन वेळचा स्वयंपाक व्हायचा, मग एक वेळचा, मग नुसता चहा. कान्हा पाटी घेऊन शेण गोळा करायला निघायचा. शिरवण्याला, तुर्भ्याला, कुठे कोणाची दोन जनावरं उरलीत तिथे. एखादी मोकाट गाय दिसली की तिच्या मागे मागे चालायचा. नव्या इमारतींतल्या बाया गॅलरीतून बघायच्या. मी एकदा हटकलंच, "कान्हा, गाईच्या मागे एवढा फिरतोस, तिला काय नवस बोललायस?" तो हसला. पण आणलेलं शेण टाकीच्या दातालाही लागायचं नाही, आणि इकडे वहिनी रॉकेलच्या स्टोव्हसमोर बसून पुन्हा खोकायला लागली होती.

श्यामसुंदर साहेब आले. टाकीभोवती एक फेरी मारली. मोठ्या देशाचा तक्ता बरोबर नव्हता. म्हणाले, "कान्हाभाऊ, जनावरं घटली. पण माणसं? माणसं काही या देशात घटायची नाहीत."

"म्हंजी?"

"संडास बांधा. नळी आत सोडा. पुष्कळ ठिकाणी करतात. गॅस तोच, जाळ तोच."

कान्हानं डोकं खाजवलं. "शेन आनि ते, एक नाय ना साहेब."

"जाळाला कळत नाही."

"जाळाला नाय. आळीला कळंल."

आत वहिनीला ढास लागली. लागली ती थांबेना. कान्हा उठून आत गेला, तिची पाठ चोळून बाहेर आला आणि म्हणाला, "दोन बांधू या."

संडास झाले, दारं लागली, कड्या बसल्या. आता गंमत ऐका. त्या काळी अख्खं गाव टमरेल घेऊन खाडीच्या बाजूला जायचं. घरात माणसं दोन, त्या दोघांनी टाकीचं पोट काय भरणार? तेव्हा आमचा हा कमी बोलणारा कान्हा पहाटे दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवायला लागला.

"या की गंगाराम! पान्याची सोय हाय, दार हाय, आतून कडी हाय!"

गंगाराम टमरेल लपवत पळाला. लोक त्याच्या दारावरून जायचे बंद झाले, लांबच्या वाटेनं खाडीवर जायला लागले. ज्या देशात मुंगीला पाय ठेवायला जागा नाही म्हणतात, त्या देशात माझ्या मित्राला चार माणसं मिळेनात.

"कान्हा," मी म्हणालो, "आत बसल्याचे पैसे तू देनार का मी द्यायचे?"

"बंडू, तुजी बायको बरी हाय, म्हनून तुला मस्करी सुचते."

दुसऱ्या दिवशी मी माझं टमरेल घेऊन त्याच्याकडे गेलो आणि रोज जायला लागलो. मैत्रीसाठी कोणी जीव देतं म्हणतात. मला जे देता आलं ते मी दिलं. माझ्या बायकोला, सरस्वतीला, कळलं तेव्हा तिनं आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. कान्हानं आणलेलं थोडं शेण आणि आमच्या घरचा भाजीचा कचराही मी टाकीत लोटायचो. टाकी थोडी वर आली. वहिनीच्या शेगडीवर पुन्हा निळा जाळ दिसला. खोकला कमी झाला.

आणि आळीनं तिच्या घरचं खाणं सोडलं.

कोणी भांडलं नाही. तोंडावर कोणी बोललंसुद्धा नाही. पुतळावहिनीनं चहा ठेवला की अख्ख्या आळीला उपास लागायचा, एवढंच. सोमवारी सोमवार, मंगळवारी गणपतीचा, बुधवारी कोणाचा होता ते त्या उपास करणारीलाच ठाऊक नसायचं. ज्या बाया ताट संपवून जायच्या त्या आता उंबऱ्याबाहेर उभ्या राहून बोलायच्या. मग त्याही यायच्या बंद झाल्या. मी तिथे चहा प्यायचो, पण घरी सांगत नसे.

कुंपणापलीकडून वहिनी सरस्वतीला एकदा म्हणाली, "दम नाय लागत गो आता. चांगला येतो श्वास. पन नुसता श्वास घेत बसू काय? कोन येतच नाय."

सरस्वतीनं घरात येऊन ते मला सांगितलं. पण चहाला ती गेली नाही, हेही खरं.

त्या वर्षी भाद्रपदात गौरी आल्या. आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, कोळंबी, चिंबोऱ्या, जे खाडी देईल ते. आणि गौरीच्या दिवशी पुतळावहिनीकडे आळीतल्या बायांचं जेवण, ही तिच्या सासूच्या वेळेपासूनची रीत. कान्हा सकाळी पाटी घेऊन शेणासाठी तुर्भ्याकडे गेला. तो गेला तसं वहिनीनं रिकाम्या गोठ्यात खाडीच्या मातीची चूल मांडली. लाकडं तिवराची, पावसात भिजलेली. आणि आळीत निरोप धाडला : स्वयंपाक लाकडांवर हाय, या.

दुर्गामावशी सगळ्यांत आधी आली. गोठ्यात गेली, वाकून चूल पाहिली, जाळ पाहिला, मगच पानावर बसली. तिच्या मागून सगळ्या बसल्या. सरस्वतीसुद्धा. मी ओटीवर होतो. आतला आवाज मला अजून आठवतो. "पुतळे, हात तोच हाय हो तुजा!" "वाढ गो, अजून वाढ!" आणि वहिनी धुरात डोळे पुशीत, हसत, खोकत, पुन्हा हसत वाढतेय.

कान्हा परतला तो गोठ्यातून धूर येताना पाहून आग लागली म्हणून धावतच आला. दारात थांबला. पाटी खाली ठेवली.

"का केलंस गो?"

"सगळी आयली बघ," वहिनी म्हणाली. तिला पुढचं बोलता येईना, दम लागला होता. तरी हातानं सगळ्यांकडे दाखवून हसली.

घरात गौर बसलेली, बाया पानावर बसलेल्या. कान्हानं हात धुतले, तांब्या घेतला आणि सगळ्यांच्या पानाशी पाणी वाढत फिरला. मी त्या दिवशी एकही मस्करी केली नाही.

पुढे तेच सुरू झालं. सणाला चूल, मग पाहुणे आले की चूल, मग बाया येतील या आशेवर रोज चूल. कान्हानं एकदा ती फोडली. वहिनीनं खाडीवर जाऊन माती आणली आणि दुसरी मांडली. तिला श्वास हवा होता, पण एकटीचा नको होता. मी तिला म्हणालो, "वहिनी, तुमच्यासाठी मी रोज संडासापर्यंत येतो, तुम्ही शेगडीपर्यंत या की." ती म्हणाली, "तुमी एकटेच येता ना भावजी."

पौषापर्यंत तिला आडवं पडता येईना. भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या डुलकी काढायची. ठाण्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून तिला परत आणलं ते कान्हानं जवळजवळ उचलूनच. बाया भेटायला यायच्या आणि ती त्यांना खुणेनं विचारायची, चहा ठेवू का. थंडीतल्या एका सकाळी, ऊन ओटीवर आलेलं असताना, ती गेली. कान्हा तिची पाठ चोळत होता. ती गेली हे कळूनही बराच वेळ चोळत राहिला.

सुतकात घरची चूल पेटत नाही, शेगडीही नाही. भाकऱ्या आमच्याकडून, इतरांकडून जायच्या. उरणहून लेक आली, तिची सासरची माणसं आली, कुठकुठली सोयरी आली. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत? परसात संडास आहे, दाराला कडी आहे, म्हणून सगळे तिथेच जायचे. एरवी कान्हानं हाका मारून जी माणसं मिळवली नसती ती आता आपण होऊन रांगेत उभी. आणि गॅस वापरणारं कोणी नव्हतं. टाकी वर यायला लागली. रोज थोडी थोडी. म्हशी होत्या तेव्हा यायची तितकी वर आली.

श्यामसुंदर साहेब भेटायला आले. कान्हाशी दोन शब्द बोलले आणि परसात गेले. मी मागे गेलो. ते टाकीला हात लावून उभे होते.

"क्षमता आहे हो, बंडूशेठ," ते म्हणाले. "एवढ्या मोठ्या देशात क्षमता आहेच."

ते राजदूत ढकलत पाणंदीपर्यंत गेले, मग कुठे चालू केली.

तेराव्याच्या आदल्या दिवशी कान्हाच्या ओटीवर आळी जमली. उद्याचं जेवण कुठे, कसं, हे ठरवायला. तांदूळ आले होते, पत्रावळी आल्या होत्या. गंगारामनं विचारलं, "चूल परसात मांडायची काय?"

"गॅसवर करू," कान्हा म्हणाला. "टाकी भरलीय. थोडं थोडं शिजवू, पन होईल."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणाला खोकला नसताना दोघा-तिघांनी घसा साफ केला. शेवटी दुर्गामावशी बोलली, आणि खरं सांगायचं तर ती मायेनंच बोलली. पुतळावहिनीच्या मयताला सगळ्यांत जास्त तीच रडली होती.

"कान्हा, बाबा, तुजं दुख कळतं आमाला. पन हे पितरांचं अन्न हाय. तिच्या नावाचा घास हाय. त्या गॅसवर नको. लाकडं मी धाडते, सुकी धाडते. चूल मांड, चांगली पेटव, सगळी आळी जेवंल. नायतर उद्या कोन पानावर बसनार नाय, आनि तिचा जीव अडकून राहील."

कान्हानं मान वर केली. त्याचा आवाज चढला नाही.

"तिचा जीव धुरानं घेतला, मावशी. तिच्या तेराव्याला बी तुमाला धुराचाच घास पायजेल, तर उपाशी रावा."